आलेखावरून रेषेचं समीकरण: आधी अक्ष वाचा

शाळेत आपल्याला समीकरण देतात आणि रेषा काढायला सांगतात. क्षच्या तीन किमती घ्या, यच्या काढा, तक्ता करा, बिंदू मांडा, पट्टी ठेवून रेघ ओढा. दहावीपुरतं हे भागतं. शाळेबाहेर मात्र बहुतेक वेळा उलटं घडतं. रेषा आधीच कुणीतरी काढून ठेवलेली असते, वर्तमानपत्रात, प्रयोगवहीत, सोसायटीच्या वार्षिक अहवालात, आणि तिच्यामागचा नियम आपल्याला शोधायचा असतो. त्यातलं बीजगणित जेमतेम दोन ओळींचं आहे. माणसं चुकतात ती आलेख वाचताना. म्हणून या लेखात आकडेमोड कमी आणि वाचन जास्त आहे.

पाठ्यपुस्तकातल्या एक्स आणि वायला मी इथे जुन्या मराठी पद्धतीने क्ष आणि य म्हणतो. क्ष आडवा, य उभा.

रेषेचं समीकरण म्हणजे एक अट. रेषेवरचा प्रत्येक बिंदू ती पाळतो आणि रेषेबाहेरचा एकही बिंदू पाळत नाही. य = २क्ष − १ घ्या. (२, ३) हा बिंदू अटीत बसतो: २ची दुप्पट ४, त्यातून १ गेला, उरले ३. (२, ४) बसत नाही. रेषेला कितीही खेटून असला तरी बसत नाही. समीकरण बरोबर आलं की नाही हे पुढे याच अटीवरून तपासायचं आहे.

उभी रेषा सोडली, तर कुठलीही सरळ रेषा दोन आकड्यांत पकडता येते. क्ष एकाने वाढला की य कितीने वाढतो, हा पहिला आकडा. त्याला चढ म्हणतात. रेषा य-अक्षाला कुठे छेदते, म्हणजे क्ष शून्य असताना य किती, हा दुसरा. त्याला अंतःखंड म्हणतात. चढासाठी च आणि अंतःखंडासाठी अ लिहिलं तर

य = च × क्ष + अ

एवढाच साचा आहे. आलेखावरून च आणि अ वाचायचे आणि साच्यात भरायचे.

समजा समोरच्या आलेखात रेषा (२, ३) आणि (६, ११) या बिंदूंतून जाते. पहिल्या बिंदूकडून दुसऱ्याकडे जाताना आपण आडवे ४ सरकलो आणि वर ८ चढलो. ८ भागिले ४, म्हणजे चढ २. आता अंतःखंड. आलेखात रेषा य-अक्षापर्यंत काढलेली असेल तर थेट वाचा. नसेल तर (२, ३) पासून मागे चला. आडवं २ मागे आलो की खाली २ × २ = ४ उतरायचं, म्हणजे ३ वरून −१ वर. समीकरण य = २क्ष − १. तपासणी दुसऱ्या बिंदूवर करा: ६ची दुप्पट १२, वजा १, ११. जमलं. खरं तर तपासणीला तिसराच बिंदू घ्यावा. ज्या बिंदूंवरून समीकरण काढलं त्यांच्यावर ते बसणारच, पण वाचतानाच एखादा बिंदू चुकला असेल तर ते तिसराच सांगतो.

वजाबाकीचा क्रम मात्र पाळा. वर ११ वजा ३ केलं तर खालीही ६ वजा २ करायचं. वर एक क्रम आणि खाली उलटा घेतला की चढाचं चिन्ह फिरतं आणि चढणारी रेषा कागदावर उतरायला लागते. उत्तर लिहिल्यावर रेषेकडे एकदा नुसतं बघितलं तरी ही चूक सापडते. डावीकडून उजवीकडे रेषा वर जात असेल तर चढ धन, खाली येत असेल तर ऋण.

चढ पूर्णांकच यावा असं काही नाही. सेल्सिअस आडव्या अक्षावर आणि फॅरनहाइट उभ्या अक्षावर घेतलं तर रेषा (०, ३२) आणि (१००, २१२) मधून जाते, कारण पहिल्या बिंदूला बर्फ वितळतं आणि दुसऱ्याला पाणी उकळतं. चढ १८० भागिले १००, म्हणजे १.८, आणि अंतःखंड ३२. पुण्यातला एप्रिलमधला ४० अंशांचा दिवस फॅरनहाइटमध्ये १०४ चा, तो याच रेषेवरून.

कुठले दोन बिंदू घ्यायचे? जिथे रेषा आलेखाच्या छापील चौकोनांच्या कोपऱ्यांतून नेमकी जाते ते, आणि एकमेकांपासून शक्य तितके लांबचे. पहिली गोष्ट सगळे सांगतात, दुसरी फारसं कुणी सांगत नाही. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या साध्या आलेख कागदावर बारीक चौकोन मिलिमीटरचा असतो. नजरेने वाचताना एखाद्या मिलिमीटरची चूक होतेच. दोन बिंदूंत आडवं एक सेंटिमीटर अंतर असेल आणि ते मोजताना तेवढी चूक झाली, तर ती दहा टक्क्यांची. अंतर दहा सेंटिमीटर असेल तर तीच चूक एक टक्क्यावर येते.

आता पुण्याची रिक्षा. सप्टेंबर २०२२ पासून शहरात लागू झालेला दर असा: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७ रुपये. आडव्या अक्षावर किलोमीटर, उभ्या अक्षावर रुपये. रिक्षावाला मीटरने यायला तयार झाला असं गृहीत धरू. गणितात तेवढी मुभा असते. मीटर प्रत्यक्षात पायरीपायरीने उडतो, पण पायऱ्या लहान असल्याने रेषा मानायला हरकत नाही.

समजा हा आलेख कुणीतरी काढून तुमच्या हातात दिला आणि दर सांगितलाच नाही. सुरुवातीला २५ च्या उंचीवर एक आडवी रेघ दिसते. दीड किलोमीटरला ती वळते आणि चढायला लागते. चढत्या भागावर (१.५, २५) आणि (५.५, ९३) हे बिंदू वाचता येतात. आडवं अंतर ४, उभं ६८, चढ १७. हा १७ नुसता आकडा नाही, ते दर किलोमीटरला १७ रुपये आहेत. चढाला नेहमी एकक असतं: उभ्या अक्षाचं एकक, दर आडव्या अक्षाच्या एका एककाला. चढ काढून झाल्यावर त्याचं एकक मोठ्याने म्हणून बघा. त्यातून काही अर्थ निघत नसेल तर अक्ष उलटे वाचले गेलेत.

अंतःखंड किती? घाईत २५ म्हणणारे खूप भेटतात, कारण आलेख य-अक्षापाशी २५ वरच टेकलेला दिसतो. पण तिथे टेकते ती आडवी रेघ. चढती रेषा दीड किलोमीटरच्या आधी अस्तित्वातच नाही. तिचा अंतःखंड हवा तर ती मनाने मागे वाढवायला हवी: दीड किलोमीटर मागे, म्हणजे १७ × १.५ = २५ रुपये ५० पैसे खाली. २५ मधून २५.५० गेले, उरले −०.५. म्हणून चढत्या भागाचं समीकरण

य = १७क्ष − ०.५

साडेतीन किलोमीटरवर तपासून घ्या: १७ × ३.५ = ५९.५०, वजा ५० पैसे, ५९. मूळ दराने हिशोब केला तरी २५ + १७ × २ = ५९.

उणे पन्नास पैसे म्हणजे शून्य किलोमीटर बसलं तर रिक्षावाला आपल्याला आठ आणे देणार, असं नाही. रेषा तिथे लागूच नाही. समीकरण रेषेला दोन्ही बाजूंनी अनंतापर्यंत नेतं, आणि खरी गोष्ट कुठेतरी सुरू होऊन कुठेतरी संपते. म्हणून आलेखावरून काढलेल्या समीकरणाशेजारी ते कुठपासून चालतं हेही लिहायला हवं. इथे क्ष १.५ किंवा त्याहून जास्त. दीडच्या आत दुसरं समीकरण: य = २५. आडव्या रेषेचा चढ शून्य असतो, क्ष कितीही बदलला तरी य हलत नाही, म्हणून समीकरणात क्ष दिसतच नाही.

उभी रेषाही याच आलेखात सापडते. विद्यापीठ चौकात रिक्षा अडकली की अंतर वाढत नाही, पण थांबण्याचे पैसे मीटर मोजतोच. समजा चार किलोमीटरला अडकलो. आलेखात क्ष ४ वर खिळलेला आणि य वर सरकत राहिलेला. सरळ उभी रेघ. तिचा चढ काढायला गेलं तर शून्याने भागावं लागतं, तेव्हा चढ नाही आणि य = च × क्ष + अ हा साचाही चालत नाही. समीकरण क्ष = ४. त्यात य येत नाही. चौक सुटल्यावर चढती रेषा पुन्हा १७ च्याच चढाने सुरू होते, फक्त थोडी वरून. चढ तोच आणि अंतःखंड वेगळा म्हणजे पहिल्या रेषेला समांतर.

या आलेखातला मोठा सापळा अजून राहिला आहे. समजा आडव्या अक्षावर १ सेमी = १ किलोमीटर आणि उभ्या अक्षावर १ सेमी = १० रुपये असं प्रमाण घेतलंय. तुम्ही पट्टीने मोजलं तर १ सेमी आडवं गेल्यावर रेषा १.७ सेमी चढते. पट्टीवर विश्वास ठेवला तर चढ १.७, म्हणजे किलोमीटरला एक रुपया सत्तर पैसे. असा दर मिळाला तर घरी जायला बस कुणी पकडणार नाही. चौकोन मोजायचे नाहीत, अक्षावर लिहिलेले आकडे वाचायचे. प्रमाण बहुधा आलेखाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं आणि परीक्षेत त्याला गुण असतात म्हणून मुलं ते लिहितात. वाचायची सवय कमी जणांना असते.

याचाच दुसरा भाग कोनाचा. चढ म्हणजे रेषेने क्ष-अक्षाशी केलेल्या कोनाचं टॅन, असं पुस्तकात असतं. ते खरं आहे, पण दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच असेल तरच. वरच्या प्रमाणात रिक्षाची रेषा साधारण साठ अंशांत उभी दिसेल. उभ्या अक्षावर १ सेमी = ५० रुपये घेतले की तीच रेषा १९ अंशांवर लोळेल. दर दोन्हीकडे १७च आहे. कोनमापक लावून चढ काढण्याचा मोह म्हणूनच टाळावा, आणि ‘बघा केवढी तीव्र वाढ’ असं कुणी आलेख दाखवून सांगितलं की आधी उभ्या अक्षावरचे आकडे बघावेत. प्रमाण बदलून कुठलीही वाढ तीव्र दाखवता येते. मला तर वाटतं, दहावीत ही एक गोष्ट नीट शिकवली तरी आलेखांचा धडा वसूल झाला.

अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर? उभ्या अक्षाच्या तळाशी छोटी नागमोडी खूण असते, अक्षसंकोच चिन्ह, ती सांगते की मधले आकडे गाळलेत. वर्तमानपत्रं बऱ्याचदा खूणही करत नाहीत. समजा खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या एकूण साठ्याचा उन्हाळ्यातला आलेख आहे, उभा अक्ष १० टीएमसीपासून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) सुरू होतो, आणि रेषा ३० दिवसांत १८ वरून १५ वर उतरते. चढ −३ भागिले ३०, म्हणजे दिवसाला ०.१ टीएमसीची घट. अक्ष कुठूनही सुरू होवो, चढाला फरक पडत नाही, कारण चढ दोन वाचनांच्या वजाबाकीतून येतो. अंतःखंड मात्र चौकोन मोजून काढला तर ८ येईल. तो आहे १८.

आडवा अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर गोष्ट आणखी निसरडी. समजा एका सोसायटीने पार्किंगमधल्या दुचाकींचा आलेख काढलाय, आडव्या अक्षावर २०१५ ते २०२५. डाव्या कडेला रेषा ४० वर, उजव्या कडेला ६० वर. चढ वर्षाला २ दुचाकी. अंतःखंड ४०? नाही. डावी कड म्हणजे य-अक्ष नव्हे, तिथे क्ष २०१५ आहे. समीकरण असं लिहावं:

य = २ × (क्ष − २०१५) + ४०

म्हणजे २०१५ पासून किती वर्षं झाली ते मोजा, दुप्पट करा, ४० मिळवा. कंस सोडवला तर य = २क्ष − ३९९० होतं. तेही बरोबर आहे, पण इसवी सन शून्यात सोसायटीत उणे ३९९० दुचाकी होत्या, यातून कुणाला काय कळणार! परीक्षेत साधं रूप मागतात म्हणून मुलं कंस सोडवून टाकतात. परीक्षेबाहेर मी कंस तसाच ठेवतो. ज्ञात बिंदू आणि चढ मिळून समीकरण लिहायची ही रीत, य − ४० = २ × (क्ष − २०१५), अंतःखंडाच्या मागे न धावता थेट चालते.

उतरत्या रेषेसाठी पुणेकरांच्या हाताशी डेक्कन क्वीन आहे. १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी वेळापत्रकानुसार सकाळी ७.१५ ला पुण्याहून निघते आणि १०.२५ ला मुंबईला सीएसएमटीवर पोहोचते. अंतर १९२ किलोमीटर, वेळ १९० मिनिटं. क्ष म्हणजे निघाल्यापासूनची मिनिटं आणि य म्हणजे मुंबईला उरलेलं अंतर घेतलं, तर रेषा (०, १९२) पासून (१९०, ०) पर्यंत उतरते. दोन्ही अक्षांना ती कुठे छेदते हे माहीत असल्याने काम आणखी सोपं: चढ −१९२ भागिले १९०, म्हणजे साधारण −१.०१, आणि अंतःखंड १९२.

य = १९२ − १.०१क्ष

गाडी सरासरीने मिनिटाला किलोमीटर तोडते. गाडी पुढे जात असताना चढ ऋण कसा, असं विचारणारे असतात. य म्हणजे उरलेलं अंतर, ते कमी होतंय, म्हणून चढ ऋण. य म्हणजे पुण्यापासूनचं अंतर धरलं असतं तर तीच गाडी, तोच वेग, आणि चढ धन. चिन्ह अक्षावर काय लिहिलंय त्याचं असतं. दोनशेव्या मिनिटाला हे समीकरण गाडीला मुंबईच्या दहा किलोमीटर पलीकडे, म्हणजे समुद्रात नेतं, तेव्हा शेजारी ‘क्ष ० ते १९०’ लिहायचं विसरू नका.

खरा प्रवास अर्थातच सरळ रेषेत बसत नाही. लोणावळ्याला थांबा, पुढे घाटात संथ उतरण, कर्जत सुटल्यावर वेग. खरा आलेख वाकडातिकडा, आणि आपली रेषा त्याची दोन टोकं जोडणारी. अशा रेषेचा चढ सरासरी सांगतो, मधल्या कुठल्या क्षणाचा वेग सांगत नाही. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात असे वेळ आणि अंतराचे आलेख रोजच्या कामाला वापरतात: आडवी वेळ, उभी स्थानकं, प्रत्येक गाडीची एक रेषा. रेषा जितकी उभी तितकी गाडी वेगात, थांबली की आडवी, आणि दोन रेषा छेदतात तिथे, त्या वेळी दोन गाड्या एकाच ठिकाणी असतात. एकेरी मार्गावर तो छेद स्थानकातच पडायला हवा.

शेवटी अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेतला आलेख, कारण तिथे रेषा कुणी काढून देत नाही. रोधकाला वेगवेगळा विद्युतदाब देऊन प्रवाह मोजायचा, वाचनं मांडायची. बिंदू एका रेषेत नीट बसत नाहीत, थोडे वर, थोडे खाली पडतात. ते एकेक करून जोडत सुटलं तर करवतीचे दात तयार होतात. पट्टी अशी ठेवायची की रेषा बिंदूंच्या मधून जाईल आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखे उरतील. मग चढासाठी बिंदू घ्यायचे ते काढलेल्या रेषेवरचे. तक्त्यातली दोन वाचनं उचलली तर बाकीची वाचनं घेतली कशाला?

समजा आडव्या अक्षावर व्होल्ट, उभ्या अक्षावर अँपिअर, आणि रेषेवर (२, ०.४२) आणि (५, १.०२) मिळाले. चढ ०.६ भागिले ३, म्हणजे व्होल्टला ०.२ अँपिअर. रोध हवा असेल तर हा आकडा उलटा करायचा: ५ ओहम. अक्ष अदलाबदल करून काढले असते तर चढच थेट रोध आला असता, म्हणून शेजारच्या टेबलावरचं उत्तर बघून स्वतःचं खोडू नका, आधी त्यांचे अक्ष बघा. आता अंतःखंड: ०.४२ वजा ०.२ × २, उरले ०.०२. दाब शून्य असताना प्रवाहही शून्य हवा, रेषा आरंभबिंदूतून जायला हवी होती. ती सगळीकडे सारख्याच उंचीने वर सरकलीय, चढ मात्र बिघडलेला नाही. रोधाचं उत्तर तसंच राहू द्या आणि तारा सोडवून अ‍ॅमीटरचा काटा कुठे उभा आहे ते बघा. बहुधा तो शून्याच्या पुढे दोन शतांश अँपिअरवर असेल.